मंडईच्या जेवणाला मच्छी अन् झिंगे, पंधरा-सोळा पाहुण्यांचा बेत

भाऊबीज झाली का आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया म्हणजे गावजत्रा सुरू होतात, आज या गावची उद्या त्या गावची, अन् ज्या गावची मंडई त्या गावात घरोघरी पाहुणे. लेक-जावई येते, सोयरे येतात, मुलाचे नागपूरचे मित्र येतात, दिवसा दंडार म्हणजे गावचं लोकनाट्य पाहतात, संध्याकाळी जेवतात अन् रात्री वडश्याच्या कंपनीचं नाटक असते तिकडे जाऊन बसतात. या जेवणाला बहुतेक घरी मटण नाही तं कोंबडा ठरलेला. माझं म्हणणं असं का तलाव गावाला लागून असताना मच्छी करून पाहा. मटण दोन तास चुलीवर राहते, मच्छीचा रस्सा वाटण तयार असलं का तासाभरात उतरते. लोक मच्छीला भेतात ते तीन गोष्टींसाठी, काटे, चिखलाचा वास अन् गंजात म्हणजे पातेल्यात मोडून झालेला भुगा. या तिन्हीचा इलाज चूल पेटवायच्या आधीच होते, आणायच्या वेळी अन् साफ करायच्या वेळी. म्हणून खाली रेसिपीपेक्षा तयारीच जास्त लिहिली आहे, कंटाळू नका.

आधी पाहुण्यांची चौकशी करून घ्या. कार्तिक चालू असते, काकड आरतीला जाणारे अन् माळकरी लोक पौर्णिमेपर्यंत खात नाहीत, काही तं वर्षभरच खात नाहीत. त्यांच्यासाठी वालाच्या शेंगा-आलू नाही तं पातोडीचा रस्सा सगळ्यात पहिले करून झाकून ठेवायचा, वेगळा गंज, वेगळा सराटा म्हणजे ढवळायचं उलथनं. मच्छी झाल्यावर त्याच चुलीवर त्यांची भाजी टाकली तं ते तोंडावर बोलणार नाहीत पण जेवणार पण नाहीत. आणखी एक विचारायचं, झिंगे म्हणजे तलावातली बारीक कोळंबी कोणाला सोसत नाही का. झिंग्यांनी अंगावर गांध्या उठणारे लोक असतात, कोणाला ओठ सुजतात, श्वास लागते, त्यांना झिंग्याच्या गंजातला चमचाही मच्छीत नको.

आता किती आणायचं. सोळा माणसं धरली तं मच्छी ४ किलो अन् झिंगे दीड किलो पुरतात, सोबत सुकटाची चटणी असली का भरून निघते. ४ किलोच्या मासोळीतून खवले, पोट, कल्ले गेल्यावर साधारण ३ किलो हाती येते, त्यातले किलोभर चांगले तुकडे तळायला काढायचे, बाकी डोकी-शेपट्यांसकट रस्स्यात.

कोणती मच्छी हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव गावोगाव आहेत, मालगुजारी १९५१ मध्ये गेली पण नाव तेच राहिलं. कोहळी लोकांनी बांधलेले कितीतरी जुने तलाव आजही धानाला पाणी देतात अन् त्यातच ढिवर समाजाच्या मच्छीमार सोसायट्या मच्छीचं बीज सोडतात. त्याशिवाय नवेगाव बांध, शिवनी बांध, इटियाडोह, घोडाझरी, असोलामेंढा, वैनगंगेवरचं गोसीखुर्द हे मोठे आहेतच. ज्या दिवशी सोसायटीचं जाळं निघणार त्याचा निरोप आदल्या दिवशी काढून ठेवा अन् सकाळी काठावरच जा. गावची मंडई म्हटल्यावर सगळ्यांनाच मच्छी पाहिजे असते, नऊ वाजता गेलं तं बारकीच उरते.

रस्स्याला मला कतला आवडते, दोन-अडीच किलोची एक. डोकं मोठं असते, पोटाकडच्या तुकड्यात चरबी असते अन् रस्सा त्यानेच गोड होते. रोहू तळायला चांगली, किलो-सव्वा किलोची घ्यायची, तुकडा घट्ट राहते. पण रोहूला वाय आकाराचे बारीक काटे मांसात असतात, लहान पोरांना अन् म्हाताऱ्यांना द्यायची तं पोटाचा तुकडा द्या, शेपटीकडचा देऊ नका. मृगळ स्वस्त मिळते पण ती तळाशी चरते म्हणून चिखलाचा वास तिला जास्त. ज्या घरी पहिल्यांदा जावई येणार आहे त्यांनी थोडे पैसे जास्त टाकून मरळ घ्यावी. मरळीला मधला काटा सोडला तं बारीक काटे जवळजवळ नसतातच, अन् ती हवेतून श्वास घेते म्हणून टोपल्यात ओल्या पोत्याखाली तासन्‌तास जिवंत राहते, म्हणजे ताजी का शिळी हा प्रश्नच येत नाही. मागूर पण जिवंतच मिळते, मात्र आपली देशी मागूर अन् थाई मागूर वेगळी. थाई मागूर पाळायला-विकायला देशात बंदी आहे, तरी बाजारात येते. लय मोठी, काळपट, अंगावर संगमरवरासारखे डाग अन् भाव अर्धा असला तं घेऊ नका.

तालुक्याच्या बाजारातून आणणार असाल तं थर्माकोलच्या डब्यातली मच्छी बहुतेक आंध्रातून आलेली असते, बर्फात दोन-तीन दिवस काढलेली. ती वाईटच असते असं नाही, पाहून घ्यायची. कल्ला उचलून पाहा, लाल पाहिजे, भुरका-पांढरा नको. डोळा फुगीर अन् चकचकीत, आत गेलेला नको. पाठीवर बोट दाबलं तं खड्डा लगेच भरला पाहिजे. पोट ढिलं लागलं का सोडून द्या, मच्छी पोटापासूनच खराब होते. विकणारा कल्ल्याला हात लावू देत नसला तं दुसऱ्याकडे जा, एवढं साधं आहे.

झिंगे तलावाचे बारीक असतात, बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे, अन् ते पारदर्शक दिसले पाहिजेत. डोकं लोंबायला लागलं, काळं पडलं, अमोनियासारखा वास आला तं परत. काही ठिकाणी आता तळ्यात मोठी गोड्या पाण्यातली कोळंबी पण सोडतात, मिळाली तं तळायला घ्या, पण वांग्यात बारीक झिंगेच पाहिजेत. मोठ्याला ती चव नाही येत, कोणी काही म्हणो.

साफ करायचं काम घराबाहेर, विहिरीजवळ नाही तं बोअरच्या नळाजवळ करा, मांजर बांधून ठेवा. विळ्यावर शेपटीकडून डोक्याकडे खवले काढायचे, मासोळी पाण्यात बुडवून काढली का खवले उडत नाहीत. मागूर-शिंगाड्याला खवले नसतात, वामला अगदी बारीक असतात, पण तिघांच्या अंगाला चिकट बुळबुळी असते, त्यांना चुलीची राख चोळायची, हातातून निसटत नाहीत अन् बुळबुळीही निघते. मागूर-शिंगाड्याच्या कल्ल्याजवळचे काटे सगळ्यात आधी तोडा, तो काटा हाताला टोचला का रात्रभर ठणकते, मंग नाटकही गेलं अन् जेवणही गेलं.

पोट फाडताना चाकू खोल नका घालू. आत हिरवी-काळी पित्ताची पिशवी असते, ती फुटली तं आजूबाजूचं सगळं कडू होते. फुटलीच तं तेवढं मांस लगेच कापून काढायचं, धुऊन कडूपणा जात नाही. अन् हे पित्त काही लोक औषध म्हणून कच्चं गिळतात, शुगरला चांगलं, डोळ्याला चांगलं असं सांगतात. अजिबात गिळू नका अन् कोणाला गिळू देऊ नका. रोहू-कतलाच्या जातीतल्या मासोळ्यांच्या पित्तात विष असते, त्यानं किडनी बंद पडून डायलिसिसवर गेलेले लोक आपल्या देशात आहेत. सरळ खड्ड्यात पुरायचं.

पोटाच्या आतून एक काळी पातळ साल चिकटलेली असते, ती नखाने खरवडून काढा, पाठीच्या काट्याला लागून रक्ताची रेघ असते तीही काढा. वास अर्धा इथंच जाते. डोक्यातले कल्ले पूर्ण काढा, ठेवले तं रस्सा कडवट होते. डोक्याचे कोयत्याने दोन भाग करा. तुकडे बोटभर जाडीचे, म्हणजे इंचाएवढे, त्याहून पातळ केले तं गंजात मोडतातच.

चिखलाचा वास म्हणतात तो चिखलाचा नसते, तलावातले काही जिवाणू अन् शेवाळ एक पदार्थ तयार करतात, जिओस्मिन म्हणतात त्याला, तो मासोळीच्या चरबीत बसते. म्हणून साध्या पाण्याने दहा वेळा धुतलं तरी जात नाही. आंबटाने जाते. ३ किलोला चार लिंबं नाही तं दोन वाट्या आंबट ताक, सोबत दोन चमचे जाडं मीठ अन् एक चमचा हळद, सगळ्या तुकड्यांना चोळून वीस मिनिटं ठेवा, मंग धुऊन टाका. तासभर ठेवू नका, आंबटाने मांस पांढरं पडून भुसभुशीत होते. धुतल्यावर चाळणीत निथळत ठेवायचं, अन् मंग पुन्हा नवीन मीठ-हळद अन् थोडं लसणाचं वाटण लावून झाकून फ्रिजमध्ये. लाइटचा भरवसा नसला तं तालुक्यावरून बर्फाची लादी आणून मोठ्या टोपात ठेवा अन् त्यावर मच्छीचा डबा, बर्फाचं पाणी मच्छीत जाऊ देऊ नका.

झिंग्यांचं डोकं-मिशा तोडायच्या, बारक्यांचं साल तसंच ठेवायचं, कुरकुरीत लागते अन् चव तिथंच असते. मोठे असले तं पाठीवर चीर देऊन काळा धागा काढा. दीड किलो बारीक झिंगे एकट्या बाईला दोन तास लागतात, म्हणून हे काम बसून गप्पा मारणाऱ्यांना द्या, मंडईला आलेल्या जावेला अन् नणंदेला बोलत बोलत होऊन जाते. घरातल्या माणसांनाही पाट द्या की, फक्त नाटकाची तिकिटं आणली म्हणजे काम झालं असं नाही.

वाटण आदल्या दिवशीच करून ठेवलं तरी चालते. सोळा माणसांच्या रस्स्याला सहा मोठे कांदे सालासकट निखाऱ्यावर भाजायचे, वरून काळे, आतून नरम. सुकं खोबरं १०० ग्रॅम, तेही निखाऱ्यावर धरून डागाळलं पाहिजे. तव्यावर कोरडंच धने चार चमचे, जिरं एक, मिरे दहा-बारा, लवंगा सहा, मोठी वेलची दोन, दालचिनीचे दोन तुकडे, दगडफूल मूठभर नको चिमूटभर, खसखस दोन चमचे अन् जवस तीन चमचे. जवस तडतडायला लागली का लगेच उतरवा, जळली तं कडू होते. हीच जवस रस्स्याला दाटपणा देते, पण तीनच्या सहा चमचे केले तं रस्सा तार धरायला लागते. लसणाचे तीन गड्डे, आलं दोन बोटं, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या काड्या. पाट्यावर वाटलं तं उत्तमच, पण सोळा माणसांचं पाट्यावर वाटायला आता कोणाच्या हातात जोर आहे, मिक्सरमध्ये करा, फक्त मसाला आधी कोरडा बारीक करून मंग कांदा-खोबरं टाका, एकत्र टाकलं का खसखस तशीच राहते.

तिखट भिवापुरी मिळालं तं पाहाच, रंगही येते अन् झणकाही. चार टेबलचमचे सावजीच्या हिशोबाने कमीच आहेत, पण पुण्या-मुंबईचे पाहुणे असले तं अडीचवर थांबा अन् बाकीच्यांसाठी वरून तर्री वेगळी करून ठेवा. नारळाचं दूध, कोकम, ओलं खोबरं टाकून कोकणी पद्धतीनं करायचा मोह होते व्हिडिओ पाहून, समुद्राच्या मच्छीला ते बरोबर जमते, तलावाच्या कतलाला नाही जमत. तिला भाजलेला मसाला अन् आंबट पाहिजे. आंबटासाठी लिंबाएवढी चिंच भिजवा, नाही तं या दिवसात अंबाडीची लाल बोंडं मिळतात, दोन मुठी बोंडं उकळून त्याचा कोळ घ्या, चिंचेपेक्षा मला तोच आवडते.

आता रस्सा. गंज मोठा अन् पसरट घ्या, तुकडे एकावर एक चढले नाही पाहिजेत, दोन थरांच्या वर तं अजिबात नाही. पाव किलो तेल. जुन्या लोकांच्या हातचा रस्सा जवसाच्या तेलातला असायचा, घाणीचं ताजं जवस तेल मिळत असलं अन् घरात त्या वासाची सवय असली तं अर्धं ते अन् अर्धं साधं असं घ्या. ज्यांनी कधी खाल्लं नाही त्यांना उग्र वाटते. तेल तापलं का अर्धा चमचा मेथीदाणे, लाल होताच दोन तमालपत्रं, मंग दोन बारीक चिरलेले कांदे, ते तांबूस झाले का वाटण. इथं घाई नाही करायची. वाटण मध्यम जाळावर पंधरा-वीस मिनिटं परतायचं, लागायला लागलं का पाण्याचा हबका मारायचा, असं करत करत तेल कडेनं सुटलं पाहिजे. मंग हळद, तिखट, मीठ अन् चार टमाटर वाटून, पुन्हा तेल सुटेपर्यंत. त्यावर अडीच-तीन लिटर कढत पाणी, थंड नको, थंड पाण्याने तर्री बसते. एक उकळी आली का चिंचेचा नाही तं अंबाडीचा कोळ टाकून दहा मिनिटं रस्सा असाच उकळू द्या, मच्छी न टाकता. चव पाहून घ्या. मीठ-तिखट-आंबट जे काय कमी-जास्त करायचं ते आताच, नंतर सराटा फिरवायला मिळणार नाही.

अन् मच्छी कधी टाकायची, तं पाहुणे हातपाय धुऊन बसायला लागले तेव्हा. आधी डोकी, पाच मिनिटांनी बाकीचे तुकडे, एक एक करून कडेनं सोडायचे, जाळ कमी करायचा, रस्सा खदखदला नाही पाहिजे, नुसता हलला पाहिजे. दहा-बारा मिनिटं बस. मधात ढवळायचं झालं तं सराटा नाही, फडक्यानं गंजाचे कान धरून गंजच गोल हलवायचा. तुकड्याचं मांस काट्यापासून सहज सुटलं अन् आत काचेसारखं पारदर्शक राहिलं नाही म्हणजे झालं. खाली उतरवून सांबार टाका, झाकण ठेवून दहा मिनिटं तसंच, तेवढ्यात ताटं वाढून होतात. पाहुणे मंडईत असतानाच मच्छी टाकून ठेवली अन् ते दंडार पाहून तासाने आले, मंग गंजात नुसते काटे अन् भुगा मिळते, त्यात मच्छीचा दोष नाही.

मरळ असली तं पाच मिनिटं जास्त लागतात, तिचं मांस घट्ट आहे. मागूर-वाम आधी तेलात हलक्या परतून मंग रस्स्यात सोडा, अन् फोडणीत चिमूटभर ओवा टाका.

तळायच्या तुकड्यांना लसूण-आल्याचं वाटण, तिखट, मीठ, हळद अन् लिंबू लावून अर्धा तास ठेवायचं. पिठासाठी तांदळाचं पीठ तीन भाग, बेसन एक भाग, कोरडंच, घोळ करायचा नाही, भज्यासारखी जाड साल झाली का मच्छी कुठं अन् बेसन कुठं कळत नाही. तुकडा पिठात दाबून झटकायचा. तेल कढईभर नाही लागत, तव्यात बोटभर उंचीचं पुरते. एका वेळी पाच-सहा तुकडे, मध्यम जाळावर एका बाजूनं चार मिनिटं, अन् तोपर्यंत उलथन्याने टोचायचं नाही. खालची बाजू कडक झाली का तुकडा आपोआप तवा सोडते, मंग उलटवायचं. कागदावर काढण्यापेक्षा सुपात नाही तं चाळणीत उभे ठेवा, कागदावर खालून मऊ पडतात. हे पोरांना आधी वाढून टाकायचं, पोरं जेवून नाटकाच्या जागेवर चटई टाकायला मोकळी.

झिंगे-वांगी. मला विचाराल तं मंडईच्या ताटात हाच खरा पदार्थ आहे, मच्छी तं सगळेच करतात. दीड किलो झिंगे धुऊन आधी कोरड्या कढईत टाकायचे, मीठ-हळद घालून, ते भरपूर पाणी सोडतात, ते आटू द्यायचं. पाणी आटलं का दोन पळ्या तेल टाकून लालसर परता अन् बाजूला काढा, चार-पाच मिनिटांच्या वर नाही, नाही तं रबर होतात. त्याच कढईत आणखी तेल, ठेचलेला लसूण भरपूर, कांदा, हिरव्या मिरच्या, मंग किलोभर वांगी मोठ्या फोडी करून. हिवाळ्याची ताजी काटेरी वांगी घ्या, बिया झालेली नको. दोन आलू टाकले तरी चालते. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा, वांगं नरम झालं का तिखट, धनेपूड, थोडं वरचंच वाटण अन् टमाटर, शेवटी झिंगे घालून पाच मिनिटं. रस्सा नाही ठेवायचा, अंगाशी तेल पाहिजे. कोणी कोणी यात वालाच्या शेंगा घालतात, कोणी अंबाडीची पानं, अंबाडी घातली तं टमाटर नको.

मोठी कोळंबी मिळालीच तं तिच्यासाठी वेगळं काही करत बसू नका, मच्छीचंच वाटण लावून, सगळी मच्छी तळून झाल्यावर त्याच तव्यात दोन-दोन मिनिटं.

सुकटाची चटणी तं सगळ्यांनाच येते, बाजाराच्या दिवशी पावशेर सुकट आणून ठेवा, चाळून रेती काढा, कोरडी भाजा, थंड पाण्यातून एकदा पटकन काढून पिळा अन् तेलात भरपूर लसूण-कांदा-सुकी मिरची घालून कुरकुरीत करा. मागच्या अंगणात ज्यांची बैठक आधीच बसलेली असते ते ही चटणी मागून मागून संपवतात, म्हणून अर्धी लपवून ठेवा.

समुद्राची मच्छी पाहिजेच असली, म्हणजे पापलेट-सुरमई, तं नागपूरहून येणाऱ्या कोणाला तरी बर्फात भरून आणायला सांगावं लागते. सुरमईचे तुकडे तळायला छान, पण १६ माणसांचा खर्च पाहून मी तं म्हणेन दोन पाहुण्यांच्या हौसेसाठी आणा, रस्सा आपल्या कतलाचाच ठेवा. फ्रोजन आली असली तं रात्रभर फ्रिजच्या खालच्या खणात उतरवून ठेवा, गरम पाण्यात बुडवून सोडवू नका.

सोबत काय, तं भात. रस्सा भातावरच. नवीन धान नुकतंच निघालेलं असते पण नव्या तांदळाचा भात चिकट होते, पाहुण्यांसाठी मागच्या वर्षीचा जुना काढा. एचएमटी असला तं मोकळा होते. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या छोट्याशा शेतात निवड करत करत काढलं होतं, ज्याचा भात आज कितीतरी लोक खातात तो आपल्या इकडचा आहे, पाहुण्यांना वाढता वाढता सांगायला हरकत नाही. भंडाऱ्याचा चिन्नोर वासाचा आहे, तो मच्छीच्या रस्स्याखाली वाया जाते, तो दुसऱ्या दिवशीच्या वरणाला ठेवा. भातासोबत तांदळाचे आयते म्हणजे घावन केले तं झिंगे-वांग्यासोबत लय मस्त लागतात, पण ते गरम गरमच पाहिजेत अन् सोळा माणसांना पुरवता पुरवता करणारी उपाशी राहते, म्हणून भाकरी दुपारीच करून ठेवा. कांदा, लिंबू, मुळा चिरून. गोड म्हणून खीर-बासुंदी नको, मच्छीवर दूध चालत नाही म्हणणारी एक तरी आजी घरात असतेच अन् तिच्याशी वाद घालायची ही वेळ नाही, दिवाळीचे अनारसे-करंज्या डब्यात आहेतच.

वेळेचं गणित असं बसते का नाटक दहाला धरलं तं जेवण पावणेआठला. वाटण आदल्या दिवशी झालेलं. मच्छी सकाळी आली, दहापर्यंत साफ होऊन थंड जागी गेली. दुपारी पाहुणे मंडईत फिरत असतात तेव्हा झिंगे साफ करणं, वांगी कापणं, भाकरी. चारला माळकऱ्यांची भाजी. साडेपाचला झिंगे-वांगी, ती गार झाली तरी गरम करता येते. सहाला रस्स्याचं वाटण परतायला घ्यायचं, पावणेसातला रस्सा उकळून तयार, जाळ ओढून झाकून ठेवायचा. सातला तळण सुरू. सव्वासातला पाहुणे हलले का रस्सा पुन्हा उकळीला आणून मच्छी. दोन चुली नाही तं चूल अन् गॅस दोन्ही लागतात, एकावर हे सगळं होत नाही.

वाढताना रस्सा वरवरून न घेता आधी तुकडा पळीनं खालून उचलायचा, ताटात ठेवायचा अन् मंग वरून रस्सा. डोकं कोणाला ते आधी विचारून घ्या, ते ज्यांना आवडते त्यांच्यात भांडण होते, बाकीच्यांना पाहवत नाही. प्रत्येकाजवळ काट्यांसाठी वेगळी पत्रावळ ठेवा. कोणाच्या घशात काटा अडकलाच तं कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावू नका, त्यानं कधी कधी काटा आणखी खोल रुतते, आधी हळू खोकून पाहायचं अन् नाही निघाला तं सरळ डॉक्टर.

रात्री नाटकाला निघायच्या आधी उरलेला रस्सा पुन्हा एकदा उकळून, थंड करून फ्रिजमध्ये, चुलीवर तसाच सोडून जायचा नाही. सकाळी तोच रस्सा मुरून आणखी चांगला लागते, पण जेवढा खायचा तेवढाच काढून गरम करा, पूर्ण गंज पुन्हा पुन्हा उकळला का तुकडे विरघळतात. उरलेली तळलेली मच्छी काटे काढून कांदा-मिरचीसोबत परतली का भाकरीबरोबर न्याहारी होते. भांड्यांचा वास जायला चिंचेचा उरलेला चोथा अन् राख, हातालाही तेच. खवले-सालं उकिरड्यावर उघडी टाकू नका, कुत्री रात्रभर ओढत बसतात, पपईच्या नाही तं लिंबाच्या झाडाखाली हातभर खड्डा करून पुरून टाका.